मीच वायरमन!

मार्च सरत आला की आमच्या परभणीत घरोघरी कूलर बाहेर निघतात. पत्रा घासूनपुसून त्याला रंगाचा हात दिला जातो, नव्या ताट्या लागतात, टाकीतला मागच्या वर्षीचा गाळ निघतो. आणि घरातल्या मोठ्या बाईचं एक वाक्य सुरू होतं, ते पार मृगाचा पाऊस पडेपर्यंत थांबत नाही.

‘‘पायात चप्पल घाल गं, मगच कूलरला हात लाव!’’

मैत्रिणींनो, हे वाक्य तुमच्याही घरात असणारच. मी तर त्यातच लहानाची मोठी झाले. आमच्या कूलरजवळ रबरी चपलांचा एक जोड कायमचा पडलेला असायचा. तो कुणाचाच नव्हता, कूलरचा होता. कूलरला करंट असतो, हे सगळ्यांनी धरूनच ठेवलेलं. लिंबाचा पाला कडू असतो ना, तसं. आज मी लोकांच्या घरी वायरिंगची कामं करते. उन्हाळ्यात कुठल्याही घरात पाऊल टाकलं की माझी नजर आधी कूलरपाशी जाते. तिथं चपला दिसल्या की मी समजते, या घराला अर्थिंग नाही, नाही तर असून नसल्यासारखं आहे.

मी या कामात कशी आले, असं सगळ्या जणी विचारतात. ‘‘एवढी कामं पडलीत जगात, शिवण आहे, पार्लर आहे, हेच कामून गं?’’ त्याचं उत्तर माझ्या मावशीपाशी आहे.

आमचं माहेर सेलू तालुक्यातलं. १९९७ चा उन्हाळा, मी पाचवीची परीक्षा देऊन मावशीकडे सुट्टीला गेले होते. दुपारची वेळ. बाहेर फुफाटा, घरात लेकरं झोपलेली. कूलरमधलं पाणी संपलं म्हणून मावशीनं चालू कूलरमध्येच बादली ओतायला घेतली. थोडं पाणी खाली सांडलं, पाय अनवाणी. पुढचं मी सांगत नाही. तुमच्यातल्या काही जणींनी असं काही जवळून पाहिलं असेल, ज्यांनी पाहिलं नाही त्यांनी कधी पाहू नये.

दहाव्या-तेराव्याला जेवढी माणसं आली, ती एकच बोलत होती, ‘‘चप्पल घालायची विसरली बिचारी.’’ कूलरच्या मोटारीची वायर आतून सोललेली होती, घराला अर्थिंगचा पत्ता नव्हता, मीटरशेजारच्या फ्यूजमध्ये जाडजूड तार कोंबलेली होती. यातलं कुणी काही बोललं नाही, कारण कुणाला माहीतच नव्हतं. चूक मावशीची ठरली. ती गोष्ट माझ्या मनात काट्यासारखी राहिली. आतमध्ये नेमकं असतं तरी काय, हे बघायचं, एवढंच तेव्हा डोक्यात होतं.

दहावी झाले. विज्ञान-गणिताचे मार्क बरे होते, पण पुढची काही वर्षं घरीच गेली. आप्पा स्थळं बघत होते. स्थळ काही जमेना, तेव्हा २००५ साली माझ्या हट्टापायी त्यांनी परभणीला आयटीआयचा फॉर्म भरला. मी फॉर्मवर ‘वीजतंत्री’ लिहिलं. आप्पांना वाटलं, टायपिंगसारखंच काहीतरी असेल. खरं कळल्यावर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

वर्गात सगळी पोरं, आम्ही मुली तिघी. सरकारी आयटीआयमध्ये मुलींसाठी ३० टक्के जागा राखीव असतात, पण या ट्रेडला यायला पाहिजेत ना कुणी! पहिल्या महिन्यात वायरीला वायर जोडायला शिकवतात. त्यातल्या एका जोडाचं नाव ‘मॅरीड जॉइंट’. दोन्ही वायरींच्या तारा एकमेकींत गुंफून पक्कं बांधायचं. सरांनी नाव सांगितलं की पोरं आमच्याकडे बघून खिदळायची. आमच्यातल्या एकीचं पहिल्या वर्षातच लग्न ठरलं आणि तिनं शिक्षण सोडलं, तेव्हा त्याच जॉइंटवरून आणखी चार दिवस हसणं झालं. मी मात्र तो जोड असा बसवायला शिकले की सर ओढून बघायचे अन् हलायचा नाही.

गंमत बघा. जून २००५ मध्ये वीज मंडळाचं विभाजन होऊन महावितरण आलं, आणि त्याच वर्षी मी वीज शिकायला लागले. शिकायला गेले वीज, आणि वीजच नाही! भारनियमनाचे ते दिवस. कधी सकाळी गायब, कधी दुपारी. आम्ही मोटारीचं वाइंडिंग हातानं करायचो आणि ती फिरते का, हे बघायला लाइटची वाट बघत बसायचो. पण त्यामुळे एक झालं. लाइट नसताना काय चालतं, आल्यावर काय होतं, एकदम आल्यावर काय जळतं, हे सगळं पाठ झालं.

दोन वर्षं पास झाले आणि एका ठेकेदाराकडे लागले. त्यांनी मला पहिले सहा महिने बिलं लिहायला बसवलं. ‘‘तू कशाला शिडीवर चढतीस, पोरं आहेत ना!’’ मग एकदा एक पोरगा आला नाही म्हणून साइटवर नेलं, तेव्हा माझा हात त्यांनी बघितला. पण तिथं एक गोष्ट मला गिळवेना. नवीन घराला मीटर घ्यायचं तर परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट लागतो. घरातली वायरिंग तपासली, इन्सुलेशन ठीक आहे, अर्थिंग आहे, असं त्यावर सही करून द्यायचं असतं. आमचे मालक स्कूटरवर बसल्या बसल्या सही करायचे. अर्थिंगच्या रकान्यात मी काय लिहू, असं विचारलं तर म्हणाले, ‘‘लिही की, ‘आहे’ म्हणून. कोण खोदून बघतंय?’’

त्या रात्री मला झोप आली नाही. मावशीच्या घराच्याही कागदावर कुणीतरी असंच ‘आहे’ लिहिलं असेल. पुढच्या महिन्यात मी ते काम सोडलं.

घरी बसावं लागलं, हे वेगळं सांगायला नको. पुढे २००९ साली लग्न झालं. यांचं छोटं दुकान आहे. यांना माझ्या कामाची अडचण नव्हती, अडचण होती मंगळसूत्राची. विजेच्या कामात अंगावर धातू नको. गळ्यातलं मंगळसूत्र वाकताना पुढं लोंबतं, बोर्डात टेकलं तर संपलंच. बांगड्या, अंगठी, सगळं काढून ठेवावं लागतं. सासूबाईंना ते पटेना. ‘‘सवाष्णीनं मोकळ्या गळ्यानं लोकांच्या घरी जायचं? लोक काय म्हणतील?’’ आठ-पंधरा दिवस घरात नुसती धुसफूस. मग एक दिवस सासूबाई स्वतःच गुजरी बाजारात गेल्या. काळे मणी आणले, सुती दोऱ्यात ओवले, सोन्याचा एक मणी नाही की तार नाही, आणि गळ्याला घट्ट बसेल एवढीच पोत करून माझ्या हातात दिली. ‘‘यातून तर जात नाही ना करंट?’’ मी म्हटलं, ‘‘नाही जात.’’ ‘‘मग झालं तर. जा.’’ आज पोतीचा दोरा झिजला की त्याच नवा ओवून देतात. माझ्या कामाचे फोनही त्याच घेतात आणि पत्ता नीट विचारून घेतात.

पहिली पहिली कामं म्हणजे होल्डर बदल, पंख्याचा कंडेन्सर बदल, इस्त्रीची वायर. मी पिशवी घेऊन दारात उभी राहायचे आणि आतली बाई माझ्या खांद्यावरून मागं बघायची. ‘‘वायरमन खालीच थांबले का?’’ मी म्हणायचे, ‘‘मीच वायरमन.’’ कुणी हसायचं, कुणी दार पुढं करून आत विचारायला जायचं. आता नवीन घराची कामं मिळतात. स्लॅब टाकायच्या आधी सळईवर पाइप आणि पंख्याचे बॉक्स बसवायचे, भिंतीला झिरी मारायची, वायर ओढायची, बोर्ड भरायचे. लाइट-पंख्याला वेगळ्या जाडीची वायर, प्लगला वेगळी, गिझर-एसीला त्याहून जाड. लाल-पिवळा-निळा फेज, काळा न्यूट्रल, हिरवा अर्थ. स्वयंपाकापेक्षा अवघड काही नाही, पण इथं मीठ विसरलं तर चालतं तसं नाही, एवढंच.

मजुरी पॉइंटवर ठरते. सुरुवातीला लोक म्हणायचे, ‘‘बाई आहेस, दोन रुपये कमी लाव.’’ मी विचारायचे, ‘‘का बरं? माझ्या बोर्डातून लाइट कमी येणार आहे का?’’ 

पण मला खरी कामं कुणी दिली माहितीये? बायकांनी. दुपारी घरात एकटीच असते, अशा वेळी अनोळखी गडी माणूस आत घ्यायचा म्हणजे जिवाला घोर. माझं तसं नाही. मी आले की चहा टाकतात, आणि मग हळूच सांगतात, ‘‘ताई, तेवढं फ्रिजचं बघता का? हात लावला की झिणझिण्या यायल्यात.’’

जिंतूर रोडच्या बाजूच्या एका वसाहतीत अशाच एका वहिनींनी बोलावलं होतं. कपड्याच्या मशीनला हात लावला की मुंग्या येतात, रोज नाही, कधी कधी. त्यांनी घरात चार-पाच वेळा सांगितलं होतं. ‘‘आमचे हे म्हणतात, तुझ्या हातालाच मुंग्या येतात, बीपीची गोळी वेळेवर घेत जा.’’ बोलता बोलता वहिनींचे डोळे भरून आले. म्हणाल्या, ‘‘मलाबी आता वाटायलंय की माझंच काहीतरी बिघडलंय.’’

मेन बंद करून मी बोर्ड उघडला. तीन पिनेच्या सॉकेटमधली वरची मोठी पिन अर्थिंगची. तिथं हिरवी वायर यायला हवी. ती नव्हतीच. त्याऐवजी कुणीतरी आतल्या आत एक छोटा तुकडा मारून अर्थिंगची पिन न्यूट्रललाच जोडून टाकली होती. ही चलाखी मी कितीतरी घरांत बघितली आहे. वरून बघणाऱ्याला अर्थिंग आहेसं वाटतं. पण न्यूट्रल कुठं ढिला झाला की मशीनचं सगळं पत्र्याचं अंग विजेवर येतं. इथंही मागचा न्यूट्रलचा स्क्रू ढिलाच होता. मी लाइट सुरू करून मीटरचं एक टोक मशीनच्या पत्र्याला लावलं, दुसरं लांब वायरीनं अंगणातल्या बोअरच्या लोखंडी पाइपला. मशीन चालू केलं. आकडा साठ व्होल्टच्या वर गेला.

वहिनींनी फोन करून त्यांना दुकानातून बोलावून घेतलं. ते आले ते चिडूनच. ‘‘दहा वर्षं झाली घराला, काही झालं नाही.’’ मी काही बोलले नाही, मीटर त्यांच्यापुढं धरला. त्यांनी आकडा बघितला, मशीनकडे बघितलं, मग बायकोकडे बघितलं. बराच वेळ गप्प होते. शेवटी म्हणाले, ‘‘अर्थिंगला किती खर्च येईल?’’

मैत्रिणींनो, ती बाई जे वर्षभर सांगत होती तेच मीटरनं सांगितलं. नवीन काहीच नाही. पण तिचं सांगणं ‘वाटणं’ ठरलं आणि मीटरचं सांगणं खरं. मला या कामात सगळ्यात मोठी गोष्ट हीच वाटते. दिवसभर मिक्सर, मोटार, इस्त्री, फ्रिज, कूलर कोण हाताळतं? बाई. ओल्या हातानं, अनवाणी, ओल्या फरशीवर कोण उभी असते? बाई. मग घराच्या विजेबद्दल पहिला शब्द तिचाच ऐकायला नको का?

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमध्ये घरांच्या वायरिंगचे नवे नियम ठरवायला २० जणांची समिती बसली होती. त्यात बाई एकच, कॅरोलिन हॅस्लेट नावाची. बायकांना विजेची माहिती देणारी एक संस्था ती १९२४ पासून चालवत होती. लहान मुलं सॉकेटच्या भोकात काही खुपसतात, तर आतून झडप हवी, याचा तिनं आग्रह धरला. १९४७ साली तिथं आलेल्या नव्या सॉकेटला तशी झडप आली. आज आपल्याकडेही झडपेचे सॉकेट मिळतात. आपल्या देशातल्या पहिल्या महिला इलेक्ट्रिकल इंजिनिअर ए. ललिता. पंधराव्या वर्षी लग्न, अठराव्या वर्षी वैधव्य, पदरात चार महिन्यांची मुलगी. त्यांनी मद्रासच्या गिंडी कॉलेजातून १९४० च्या दशकात पदवी घेतली आणि पुढे भाक्रा-नांगल धरणाच्या विजेच्या कामातही त्यांचा वाटा होता. लांब कशाला, आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या महावितरणच्या उषा जगदाळे बघा. २०२० च्या टाळेबंदीत शिडीशिवाय विजेच्या खांबावर चढणाऱ्या उषाताईंचा व्हिडिओ देशभर फिरला. अमेरिकेसारख्या देशातही शंभर इलेक्ट्रिशियनमागे बायका जेमतेम दोन-तीनच असतात. म्हणजे मागं आपणच आहोत असं नाही, वाट सगळीकडेच मोकळी पडलीय.

वहिनींच्या अंगणात आम्ही खड्डा घेतला. दोन-अडीच मीटर पाइप, भोवती कोळसा आणि मिठाचे थर, त्यावर पाणी. आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पाइपापासून सुटते, मग केलेलं अर्थिंगही नावालाच उरतं. म्हणून मी प्रत्येकीला सांगते, उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्याला पाणी घालत जा. वहिनी आता तुळशीला पाणी घातलं की एक तांब्या तिकडंही ओततात. सोबत मी त्यांना आरसीसीबी बसवून दिली. साधी एमसीबी वायरीला जपते, जास्त लोड आला की पडते. माणसाला जपते ती आरसीसीबी. फेजनं जेवढा करंट गेला तेवढाच न्यूट्रलनं परत आला का, याचा ती सारखा हिशेब ठेवते. ३० मिलिअँपियरचा फरक पडला की डोळ्याचं पातं लवायच्या आत बंद. ३० मिलिअँपियर म्हणजे किती? नऊ वॅटच्या एलईडी बल्बला याहून जास्त लागतात! एवढ्याशा करंटवर माणसाचा जीव टांगणीला लागतो. माझ्या मावशीच्या घरी हा डबा असता तर... जाऊ द्या.

ज्यांच्या मुलींना किंवा सुनांना हे काम शिकायचंय त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आयटीआयमध्ये वीजतंत्री आणि तारतंत्री असे दोन ट्रेड आहेत, दोन्ही दोन वर्षांचे. वीजतंत्रीला विज्ञान-गणितासह दहावी पास लागतं, तारतंत्रीला त्याहून कमी शिक्षणावरही जाता येतं. पास झाल्यावर परवाना काढायचाच. तारतंत्रीचा वेगळा, पर्यवेक्षकाचा वेगळा, ठेकेदाराचा वेगळा. त्याची चौकशी विद्युत निरीक्षकांच्या कार्यालयात करायची. नुसतं ‘काम येतं’ यावर थांबू नका. कागद हातात असला की टेस्ट रिपोर्टच्या रकान्यात खोटं लिहायला आपल्याला कुणी सांगू शकत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये प्रधानमंत्री सूर्यघर योजना आल्यापासून गच्च्यांवर सोलर बसायला लागलेत, तेही काम शिकून घ्यावं.

अडचणी नाहीत असं नाही. मे महिन्यात परभणीची गच्ची म्हणजे तवा. साइटवर संडास नसतो, तहान लागली तरी पाणी कमी प्यावं लागतं, हे कुणी बोलत नाही म्हणून मी बोलते. गरोदरपणात शिडी सोडावी लागली, तेव्हा वर्षभराची गिऱ्हाइकं गेली. पैसे वेळेवर मिळत नाहीत. पण संध्याकाळी एखाद्या नव्या घरात मेन वर करते, एकेक खोली उजळत जाते आणि त्या घरची बाई अनवाणी पायानं फ्रिजला हात लावून बघते, तेव्हा सगळं भरून पावतं.

माझ्या हाताखाली सध्या दोन मुली शिकताहेत. परवा एकीनं विचारलं, ‘‘ताई, पहिल्या दिवशी काय शिकू?’’ मी म्हटलं, ‘‘घरातल्या बाईला विचारायला शीक. कुठं झिणझिण्या येतात ते तिलाच माहीत असतं.’’

आमच्या घरी कूलर आहे. त्याच्याजवळ चपला नाहीत. तरी सवयीनं सासूबाई ओरडतातच, ‘‘चप्पल घाल गं!’’ आणि मग स्वतःच हसतात.

एवढं नक्की बघा

● कूलरमध्ये पाणी भरताना बटण बंद करून थांबू नका, प्लग काढा. मगच पाणी ओता.

● पिन तीनची असेल तर तिसरी पिन तोडून दोनच्या सॉकेटात घालू नका. सॉकेटला खरंच अर्थिंग आहे का, हे जाणकाराकडून मीटर लावून बघून घ्या.

● कुठल्याही वस्तूला झिणझिण्या आल्या की ती वापरणं त्याच दिवशी बंद. ‘थोडासाच येतो’ असं म्हणून चालवून घेऊ नका.

● आरसीसीबीवर ‘टी’ लिहिलेलं बटण असतं. महिन्यातून एकदा दाबा. लाइट गेली तर ती काम करतेय, नाही गेली तर बदलून घ्या.

● फ्यूजमध्ये जाड तार घालू नका. फ्यूज उडतोय म्हणजे काहीतरी बिघडलंय.

● कुणाला शॉक लागला तर हातानं ओढू नका. आधी मेन बंद करा. ते जमत नसेल तर कोरड्या लाकडानं बाजूला करा आणि लगेच १०८ ला फोन करा.